न लिहिलेली गोळी

"मोठा आ करा," डॉ. विनिता भोईर म्हणाल्या, आणि मितेशने खुर्चीचे हात घट्ट धरले.

एरवी तो या दवाखान्यात पेशंट म्हणून येत नसे. औषध कंपनीची बॅग घेऊन येई. भिवंडीपासून पडघ्यापर्यंतचे दवाखाने त्याच्याकडे होते. त्याच्या कंपनीची अँटिबायोटिक गोळी बहुतेक डॉक्टर लिहून देत. विनिता मॅडमनी मात्र दोन वर्षांत एकदाही लिहिली नव्हती. साहेब दर मीटिंगला त्यावरून त्याला बोलत. आज दाढ ठणकत होती, हिरडीवर पुवाचा फोड आला होता. आता तरी मॅडम लिहितील, असं त्याला त्या दुखण्यातही वाटून गेलं.

"गोळ्या घेतल्या काही?"

"आमच्याच. आठ दिवस."

"फरक?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"दाढेतली नस मेलीय, मितेश. तिथं रक्तच पोचत नाही, मग गोळी कशी पोचणार?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ताप नाही, गालावर सूज चढलेली नाही. आतून धुतलं की झालं."

त्यांनी दाढ उघडली. बारीक सुयांनी मुळं साफ केली, जंतुनाशक पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. मग आत चुन्याच्या जातीचं पांढरं औषध भरलं आणि वरून तात्पुरतं बंद केलं. चिठ्ठीवर दुखलंच तर घ्यायची एक साधी गोळी तेवढी होती. मितेशने चिठ्ठी उलटून मागेही बघितलं.

चौथ्या दिवशी ठणका थांबला. आठवड्याभरात फोड सुकला. पंधरा दिवसांनी मॅडमनी दाढ कायमची भरून दिली. या पंधरा दिवसांत कंपनीची एकही गोळी त्याच्या पोटात गेली नव्हती. साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. त्याने ते उचलले नव्हते.

पुढच्या मंगळवारी औषध कंपनीवाल्यांना भेटायची वेळ होती. मितेश आत आला, खुर्चीवर बसला, पण बॅग उघडेना.

"बोला, आज कुठली नवी गोळी?" मॅडमनी हसून विचारलं.

"गोळी न्हाय, मॅडम. नंबर लावायचाय." त्याची नजर टेबलावरून वर उठली नाही. "माझ्या आईची दाढ दुखतेय. दोन म्हैने झाले, सॅम्पलच्या गोळ्या मीच देतोय तिला."