वाचून दाखवलेलं पत्र

आईला वाचता येत नाही, म्हणून लंडनहून आलेली धाकट्या लेकीची पत्रं ऐकायला ती माझ्या सासरी, हिंगणघाटला येते. आज नलूनं लिहिलं होतं, ‘नाट्यशाळा संपली. इथंच संगीत नाटकात गायचं काम मिळालं. आईला आधी सांग.’ शेजारी सासूबाई वाती वळत होत्या. उद्या नाटकवालीची भाची म्हणून माझ्या मांडीवरच्या लेकीला सून कोण करून घेईल? मी घसा खाकरून वाचलं, ‘शाळेत मास्तरीण झाले.’ “गाण्याचं काई नाई लिवलं का वं?” आईनं विचारलं. “नाही.” “मंग सुटलंच म्हण तिचं गाणं. त्याच्याचपायी तं धाडलं होतं तिले.” तिनं पदरानं डोळे पुसले. “रडता काऊन, इहीणबाई?” सासूबाई म्हणाल्या, “पोरीनं नाव काढलं.” आई माझ्याकडं वळली. “तिले लिहिजो, शाळा सुटल्यावर तरी गात जाय.” बी.ए. झालेल्या मी ते तसंच लिहून घेतलं.