टेबल दोघांसाठी

आईबाबा इंग्लंडला, साउथहॅम्प्टनला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी प्रणयने त्यांच्यासाठी बंदराजवळच्या हॉटेलात टेबल बुक केलं आणि स्वतः ड्युटीवर गेला. बोटी बघत बघत दोघं तिथवर पोचले खरे, पण खुर्चीत बसल्यापासून यादवरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. खाताना आवाज नाही, आणि ढेकर तर नाहीच नाही. लेकाने सांगितलेलं सगळं ते मनात घोकत होते. त्यात चंदाबाईंकडून चारचौघांत काही भलतंच होऊन बसेल, ही धास्ती वेगळीच.

दोघांच्या पुढ्यात मासा आणि चिप्स आले. यादवराव मान खाली घालून एकेक घास जपून तोंडात घालू लागले. वेट्रेस येऊन गेली. पुन्हा आली आणि चंदाबाईंच्या प्लेटकडे बघून काळजीने म्हणाली, "इज एव्हरीथिंग ओके?"

यादवरावांनी दचकून मान वर केली. चंदाबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. प्लेट जशीच्या तशी होती.

"अगं, जेवत का नाहीस? आवडलं नाही का?"

"असं काय करता? तुमचं कुठं झालंय अजून? तुमचं झालं की बसते मी जेवायला."

काटा कसा धरायचा ते दाखवायला यादवरावांनी हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला. इतकी वर्षं संसार केला, पण ही घास कसा घेते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.