आईचं ताट

ताटं वाढून झाली तरी आई बसेना. भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली आणि मुलीच्या तोंडाकडे बघू लागली.

गुरुजींचा आश्रम सोडून दोघींना सात महिने झाले होते. तिथला नियम असा, की जेवणाआधी प्रत्येकाने आपल्या माणसाचा एक दोष सगळ्यांसमोर सांगायचा. ज्याचा सांगायचा, त्याने उभं राहून ऐकायचं. जो दोष झाकेल, तो त्या दिवशी उपाशी. मुलगी यात भलतीच तरबेज होती. आई प्रवचनात पेंगते, आई बाबांच्या आठवणीने रडते, आई चोरून साखर तोंडात टाकते. नऊ वर्षांत तिने आईचं एकदाही काही पोटात घातलं नाही आणि एकदाही ती उपाशी निजली नाही. गुरुजी पाठ थोपटायचे तेव्हा तिला आभाळ ठेंगणं व्हायचं. शरमेची गोष्ट आहे, पण खरी आहे.

समुपदेशक बाईंनी तिला बजावलं होतं, की आता काही झालं तरी दोष सांगायचा नाही. न सांगताही जेवता येतं हे आईला हळूहळू उमजेल. हळूहळू म्हणजे किती, ते बाई बोलल्या नव्हत्या. आईचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं होतं.

मुलीला राहवेना. तिने आईला खांद्याला धरून ताटावर बसवलं आणि स्वतः भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"आज तू माझा सांग," ती म्हणाली. "पुष्कळ आहेत. हवा तो निवड."

आईने एकदा तरी आपल्याला बोल लावावा आणि मग चार घास सुखाने खावेत, एवढंच तिला हवं होतं.

आई तिच्याकडे बघत राहिली. अगदी मनापासून शोधलं तिने. मग मान हलवली.

"नाही गं. तुझ्यात कुठे काय आहे?"

आश्रमाच्या त्या सभागृहात हे वाक्य मुलीने शेकडो वेळा ऐकलं होतं. 'आई हट्टाने उपाशी राहते' हाही दोष एकदा तिनेच सगळ्यांसमोर सांगितला होता.

आईने सवयीने आपलं ताट दूर सारलं.

"तू बस बाई," ती म्हणाली. "तुझं गार होतंय."