नरम शॉकअप

रुक्माबाईचं डायलिसिस सुरू झाल्यापासून सौंदड ते गोंदिया आठवड्यातून तीनदा. दर खेपेला गाडीत बसताना तिचं एकच, "दणक्यानं माहे हाडं खिळखिळे होऊन राहिले, रत्नपाल. मले नाही यायचं."

शेवटी रत्नपालनं गाडी गॅरेजला लावली.

गजेंद्र मिस्त्री म्हणाला, "कडक शॉकअप टाकले तर वळणावर गाडी हातात राहते, पण मागं बसणाऱ्याले दणके. नरम टाकले तर तुह्या मायले आराम, पण गाडी डोलते. कोणते टाकू?"

"नरम टाक. वळणं मी हळू घेईन."

"रोजच्यापेक्षा वेळ लागन."

"लागू दे."

पुढच्या खेपेला खड्डे तेच होते, पण रुक्माबाईच्या मांडीवरचा डबा जागचा हलला नाही. दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबवून रत्नपालनं हौसेनं मागं वळून विचारलं, "माय, लागले का आज दणके?"

"नाही रे. एक बी नाही."

तो खूश झाला. उतरून त्यानं मागचं दार उघडलं, तिला धरायला हात पुढे केला.

सुया टोचून टोचून गाठाळलेला आपला हात रुक्माबाईनं पदराखाली ओढून घेतला.

"आता नाही यायले काय कारण सांगू रे तुले?"