बोलकी फरशी

केतकीच्या उजव्या पायाचा पंजा आठवडाभर वर उचललाच जात नव्हता. चालताना चप्पल फरफटायची. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या बाहेरची नस दबलीय, कशानं दबली ते शोधा. मृदुलाने घरी येऊन सरळ फरशीलाच विचारलं. आपण ऑफिसात असताना लेकीवर लक्ष राहावं म्हणून ही बोलकी फरशी तिनेच हट्टाने बसवून घेतली होती.

"खो-खोच्या निवडीसाठी ती रोज तासन्‌तास उकिडवी बसते," फरशी म्हणाली. "नस दबेल, असा इशारा मी दिला होता."

"कुणाला?"

"बाबांना. ते म्हणाले, आईला सांगू नकोस, ती उगाच घर डोक्यावर घेते."

तिचा नवरा हेरंब कसनुसं हसला. "अगं, तुझा स्वभाव... निवड झाली की सांगणारच होतो."

केतकी पाय ओढत बाबांच्या मागे सरकली. म्हणजे तीही सामील होती.

मृदुला खाली बसली. फरशीवर तळवा टेकवून तिने हळूच विचारलं, "आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?"

फरशी म्हणाली, "कधीपासूनचं सांगू?"