सैल ढोल

"आज पुन्हा सैल," म्हणत रेवतीने ढोलावर थाप मारली. सादळलेल्या पापडासारखा आवाज आला. "हे ताशावाल्यांचंच काम."

"दुसऱ्या कुणाचं असणार," ओजस गंभीरपणे म्हणाला आणि ढोलाला गुडघा टेकवून दोऱ्या आवळू लागला. पथकाचा सराव सुरू झाल्यापासून हे रोजचंच होतं. आवळायला अर्धा तास जाई, आणि तेवढा वेळ दोघं ताशावाल्यांचा उद्धार करत.

मग ओजसला ताप आला. ताशावाले सगळे हजर होते, तरी रेवतीचा ढोल खणखणीत वाजला. दुसऱ्या दिवशीही. ती वाजवता वाजवता थांबली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

ताप उतरल्यावर ओजस नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला. कुणी नाही असं पाहून त्याने रेवतीच्या ढोलाच्या गाठीला हात घातला. गाठ आधीच सुटलेली होती.

तेवढ्यात मागून रेवती आली. "आजही सैल का रे?" दोरीने लाल झालेले तळवे तिने ओढणीत लपवले. "बस, आवळ. मला घाई नाही."

ओजस बसला. ताशावाल्यांचा त्याला पहिल्यांदाच खरा संशय आला.