गप्प बसलेलं यान

थोरलीला मुलगा झाला त्या वर्षीची गोष्ट. परग्रहवाल्यांचं एक यान आमच्या यानाची वाट अडवून उभं होतं. तोफा आमच्यावर रोखलेल्या, आणि कितीही हाका मारा, उत्तर नाही.

"मामा, हे बोलत का नाहीत?" कॅप्टन बाईंनी विचारलं. यानावर मीच सगळ्यांत म्हातारा.

"रागावलेत," मी जाणत्यासारखा म्हणालो. "आमची ही रागावली की अशीच गप्प बसते. माफी मागून टाका."

माफी मागितली. तरी गप्पच. मग आमची इतकी तंतरली, की आम्ही आमच्याच तोफा अवकाशात फेकून दिल्या. शेवटी सगळे हात वर करून शरण जायला त्यांच्या यानात शिरलो.

त्या यानातले सगळे माझ्या आजोबांच्या जन्माआधीच मेले होते.